चाकरमान्याचं मत मोबाइलवरून? आपण त्याला तयार आहोत का?

जैतापूरकर

मुंबईतल्या आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत हल्ली एक मागणी दरवेळी येते. गावच्या मतदानासाठी रजा टाका, रात्रभर एसटीत बसा, दुसऱ्या दिवशी परत फिरा, त्यापेक्षा मत तिथूनच द्यायची सोय व्हावी. जून २०२५ मध्ये बिहारात काही नगरपालिकांच्या निवडणुकीत मोबाइल ॲपवरून मतं घेतली गेली, तेव्हापासून तरुण मंडळींचा जोर वाढलाय. त्याच बैठकीत 'यंत्रच नको, मतपत्रिका परत आणा' म्हणणारेही असतात. आपल्यासारखा देश इलेक्ट्रॉनिक मतदानाला तयार आहे का, या प्रश्नावर दोन्हीकडून आवाज चढतो आणि बैठक गणपतीच्या वर्गणीवर येऊन संपते. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. निवडणुकीची ड्युटी मतपेटीच्या काळापासून व्हीव्हीपॅटपर्यंत (मताची कागदी चिठ्ठी छापून दाखवणारं यंत्र) केली, शेवटी शेवटी केंद्राध्यक्ष म्हणून.

निरक्षर माणसाला बटण कसं जमणार, ही भीती मी तरी कधी खरी ठरलेली पाहिली नाही. सही न येणाऱ्या आज्या अंगठा उठवून आत जायच्या आणि शिकलेल्या माणसाच्या आधी बाहेर यायच्या. विजेचंही अडत नाही. यंत्र बॅटरीवर चालतं, त्याला नेट लागत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडची कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तशा अंधारातसुद्धा हे यंत्र चाललं असतं. तेव्हा साक्षरता, वीज, नेटवर्क यांवर देशाची तयारी मोजणं मला पटत नाही.

मी दोन गोष्टी बघतो. हरलेल्या उमेदवाराच्या एजंटाला आपला माणूस खरोखर हरला हे स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतं का? आणि गावातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाला आपलं मत लपवता येतं का? ज्या पद्धतीत दोन्हींचं उत्तर 'हो' येतं, तिला आपण तयार आहोत. एकाचं जरी 'नाही' आलं, तर ॲप कितीही गुळगुळीत चालो, आपण तयार नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बूथवर कसं मिळतं ते सांगतो, कारण बऱ्याच जणांनी ते पाहिलेलंच नाही. २३ एप्रिल २०१९, लोकसभेचं मतदान. सातला मतदान सुरू व्हायचं, म्हणून साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे चाचणीचं मतदान. शाळेचा वर्ग, बाक भिंतीला लावलेले, एजंट डोळे चोळत आलेले. व्हीव्हीपॅटच्या मागची खुंटी आडवी असते, ती उभी केल्याशिवाय यंत्र कामाला लागत नाही. आमच्या वर्गाची एक खिडकी पूर्वेला होती. थेट उजेड व्हीव्हीपॅटवर पडलेला चालत नाही, म्हणून मतदान कक्ष कोपऱ्यात सरकवला आणि खिडकीवर पुठ्ठा ठोकला. मग किमान पन्नास मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला थोडी थोडी, नोटालासुद्धा. कोणी कोणतं बटण दाबलं ते एजंट आपापल्या कागदावर लिहून घेतात. मग क्लोजचं बटण, मग रिझल्टचं. मतं साठवणाऱ्या कंट्रोल युनिटच्या पडद्यावरचे आकडे, पेटीतल्या चिठ्ठ्या आणि एजंटांच्या कागदावरच्या रेघा, तिन्हींचा मेळ बसला की क्लिअर. टोटल दाबून शून्य आलेलं प्रत्येकाला वाकून बघायला लावायचं. चिठ्ठ्यांवर मागे शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात बंद. मग सील, आणि सीलवर एजंटांच्या सह्या.

संध्याकाळी मतदान संपलं की नमुना १७ सी. एकूण किती मतं पडली, कंट्रोल युनिटचा क्रमांक काय, हे सगळं त्यावर असतं आणि त्याची प्रत प्रत्येक एजंटाला मिळते. मोजणीच्या दिवशी तेच यंत्र, तेच सील, तोच आकडा समोर आला पाहिजे. आमच्याकडचे एजंट ती प्रत खिशात घडी करून ठेवतात आणि विसरतात. ती घराला लावायच्या कुलपासारखी आहे, लावलंच नाही तर चोराला दोष देऊन काय उपयोग?

वर आता कागदी चिठ्ठी आहे. सात सेकंद काचेतून दिसते आणि पेटीत पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या ८ एप्रिल २०१९ च्या आदेशाप्रमाणे प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रं सोडतीने निवडून त्यांतल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशी सहा क्षेत्रं, म्हणजे तीस केंद्रं. माझ्या मते हा आकडा वाढायला हवा. पण लोकसभा-विधानसभेपुरतं पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी 'हो' देतो.

माझी खरी तक्रार पुढे आहे. नगर परिषद, नगर पंचायत, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिथे व्हीव्हीपॅट नाही. २ डिसेंबर २०२५ ला राज्यात नगर परिषदांचं मतदान झालं. काही ठिकाणचं मतदान पुढे गेल्यामुळे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांची मोजणी २१ डिसेंबरला घ्यायला सांगितली. आदेशामागचं कारण रास्तच होतं. पण एकही कागदी चिठ्ठी नसलेली यंत्रं एकोणीस दिवस कुलपात राहिली, आणि बाहेर दोन्ही बाजूंची पोरं थंडीत पहारा देत बसली. यंत्रात काही झालं असं मी म्हणत नाही. झालं नाही हे त्या पोरांना दाखवायला कोणाकडे काही नव्हतं, एवढंच म्हणतो. जिथे पाच-दहा मतांनी निकाल लागतो तिथेच कागद नाही.

मोबाइलच्या मतदानात तर दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' आहे. आता तुम्ही बोला.

दर्यावर्दी

मास्तर, मान ठेवून विरोध करतो. मी व्यापारी जहाजावर आहे, घर गुहागर तालुक्यात. दाभोळपासून जयगडपर्यंत खाडीकाठच्या कुठल्याही वाडीत जा, घराआड एक माणूस जहाजावर किंवा आखातात. मतदान मेमध्ये असो की नोव्हेंबरात, करार सुरू असला की आम्ही नाही. सैन्यातल्या माणसाला मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवतात, तो ती छापून, मत नोंदवून टपालाने परत पाठवतो. आम्ही व्यापारी जहाजावरचे, आम्ही सेवा मतदार नाही. अनिवासी भारतीय म्हणून नाव नोंदवणाऱ्यालाही मत द्यायला स्वतः बूथवर यावं लागतं.

शिवाय मासेमारीवाले बघा. मिरकरवाडा, हर्णै, देवगडच्या मोठ्या बोटी आठ-आठ दिवस बाहेर असतात. बंदी १ जूनला सुरू होते, मेमध्ये मतदान लागलं की ऐन शेवटच्या फेऱ्या. खलाशाने धंदा सोडून परत यायचं का?

तुमच्या दोन प्रश्नांत तिसरा घाला. ज्याला मतच देता येत नाही त्याचं काय? तो मोजमापात कुठेच दिसत नाही.

वाशिष्ठी

दर्यावर्दी, तुमचा प्रश्न खरा आहे. त्याला मोबाइल हे उत्तर नाही, एवढंच सांगायला लिहितोय. मी संगणक सुरक्षेत काम करतो, गाव चिपळूण.

सगळे विचारतात की लाखो रुपये मोबाइलवरून जातात, मग मत का जाऊ नये. बँकेला पैसे कोणी, कोणाला, किती पाठवले हे सगळं ठाऊक असतं. चूक झाली तर पासबुकात दिसते, तक्रार होते, पैसे परत येतात. मतात नेमकं हेच चालत नाही. कोणी कोणाला दिलं हे यंत्रणेला कळता कामा नये आणि तरी ते बरोबर मोजलं गेलं हे सिद्ध झालं पाहिजे. या दोन अटी एकमेकींच्या उलट्या दिशेने ओढतात. बूथवर कागदाने दोन्ही साधतात, कारण चिठ्ठीवर नाव नसतं आणि पेटी सगळ्यांसमोर असते. तुमच्या फोनमध्ये आधीच काय शिरलंय ते तुम्हालाही माहीत नसतं, आयोगाला कुठून असणार?

एस्टोनियाचं उदाहरण नेहमी येतं. २००५ पासून तिथे इंटरनेटवर मतदान होतं आणि २०२३ च्या संसदेच्या निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं तशी पडली, हे खरं. पण त्यांनी आधी प्रत्येक नागरिकाला चिप असलेलं ओळखपत्र दिलं, लोकांना ते रोज वापरायची सवय लागली. कोणी दमदाटी करून मत घेतलं तर नंतर पुन्हा मत देता येतं, शेवटचंच धरतात. बूथवर जाऊन कागदावर दिलं तर आधीचं ऑनलाइन मत रद्द होतं. आणि तो सगळा देश साधारण साडेतेरा लाख लोकांचा. २०११ च्या जनगणनेत आपला एकटा रत्नागिरी जिल्हा सोळा लाखांचा होता.

नेटवर्कबद्दल मास्तरांशी थोडा असहमत. यंत्राला ते लागत नाही, पण ऑनलाइन मतदानाला लागतं, आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात फोन लागत नव्हते. मी पुण्यात बसून आईवडील जिवंत आहेत की नाही ते शोधत होतो.

सुरंगी

माका वाशिष्ठींचा पटला, पण माझा कारण वेगळा आसा. मी मालवणची. मोबाइलवर मत म्हंजे घरात मत. आमच्या घरात फोन चार, पण बायकांचो फोन कोणाच्या हातात असता ता सगळ्यांक माहीत आसा. "दे हंय, मी दाबतंय" म्हणान घेतलो की झाला.

आता प्रमाण मराठीत लिहिते, सगळ्यांना कळायला हवं.

बूथवर तो पुठ्ठ्याचा कक्ष असतो ना, तेवढी एक जागा आहे जिथे सासरा, नवरा, दीर, वाडीचा पुढारी कोणी मागे येऊ शकत नाही. माझ्या काकी मतदानाला जाताना नेहमी घरच्यांच्या पक्षाची चिठ्ठी हातात धरून जातात. आत काय करतात ते त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी विचारलं तर नुसत्या बघतात. ती जागा घरात कुठून आणायची? एस्टोनियासारखं पुन्हा मत द्यायची सोय केली तरी फोन त्यांच्याच हातात राहणार. ओटीपीसुद्धा त्यांनाच येणार.

चाकरमान्यांच्या सोयीसाठी आमची ती जागा काढून घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

लालमाती

इथे सगळे यंत्र धरूनच बोलताहेत म्हणून दुसरी बाजू. मी लांज्याचा. मला मतपत्रिका हवी.

जर्मनीत संगणकी यंत्रं होती, त्यांच्या घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ ला त्यांचा वापर घटनाबाह्य ठरवला. नेदरलँड्सने यंत्रं काढून टाकली. आयर्लंडने पाच कोटी युरोंहून जास्त खर्चून यंत्रं घेतली, देशभर कधी वापरलीच नाहीत आणि २०१२ मध्ये भंगारात दिली. बांगलादेशने २०२३ मध्ये ठरवलं की पुढची सार्वत्रिक निवडणूक मतपत्रिकेवर. हे सगळे मूर्ख आहेत का? श्रीमंत देश मागे गेले आणि आपण म्हणतोय आम्ही तयार.

आपल्या भागातून बॅ. नाथ पै, मधु दंडवते निवडून गेले ते कागदावर शिक्का मारूनच. कोणी म्हणालं नाही की निकाल खोटा. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूरच्या मारकडवाडीत लोकांनी स्वतःच्या खर्चाने मतपत्रिकेवर पुन्हा मतदान करून बघायचं ठरवलं, प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. त्यांचा संशय बरोबर होता की चूक, हा वाद बाजूला ठेवा. संशय फेडायला लोकांकडे रस्ता नाही, हे तर दिसलं ना?

काळा कोट

लालमाती, तुमचा मुद्दा वजनदार आहे, म्हणून नीट उत्तर देतो. रत्नागिरीत वकिली करतो, निवडणूक याचिकांचं थोडं काम केलंय.

जर्मनीच्या न्यायालयाने यंत्र या गोष्टीलाच बंदी घातलेली नाही. मतदान आणि मोजणीतले महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला तज्ज्ञ न होता तपासता आले पाहिजेत, असं ते म्हणालं. तिथल्या यंत्रात कागद नव्हता, म्हणून ती गेली. नामिबियाचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं. त्यांनी २०१४ ला भारतातूनच यंत्रं घेतली, व्हीव्हीपॅटशिवाय. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुराव्याविना यंत्रं वापरणं घटनाबाह्य ठरवलं, निकाल मात्र रद्द केला नाही. म्हणजे मास्तरांचा पहिला प्रश्न दोन खंडांतल्या दोन न्यायालयांनी विचारला आहे.

आपल्याकडचा प्रवासही तपासत तपासतच झाला. मे १९८२ मध्ये केरळच्या परूर मतदारसंघात पन्नास केंद्रांवर यंत्रं वापरली. कायद्यात तरतूदच नव्हती, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ ला तिथलं मतदान रद्द करून मतपत्रिकेवर घ्यायला लावलं. मग लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६१अ आलं. २००४ ला लोकसभेच्या सगळ्या ५४३ जागांवर यंत्रं. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुक्त आणि न्याय्य निवडणुकीसाठी कागदी पुरावा अनिवार्य आहे. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात मतपत्रिकेची आणि सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण व्हीव्हीपॅटमध्ये चिन्हं भरायची युनिटं निकालानंतर ४५ दिवस सीलबंद ठेवायला लावली. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून, खर्च भरून, पाच टक्के यंत्रांची मेमरी तपासून घेता येते.

त्याच निकालात एका विसंगतीचा उल्लेख आहे. २०१९ ला आंध्रातल्या एका केंद्रावर चिठ्ठ्या आणि यंत्र जुळले नाहीत, कारण अभिरूप मतदानाची मतं पुसायची राहिली होती. मास्तरांनी वर 'क्लिअर' दाबून शून्य दाखवण्याचं लिहिलंय, ते किती मोलाचं आहे ते बघा.

तेव्हा 'अनिवार्य' असलेला कागद लोकसभेला हवा आणि नगर परिषदेला नको, हे तर्कात बसत नाही. राज्य आयोगाचं म्हणणं असं की तिथे एकाच मतदाराला अनेक मतं द्यायची असतात. नगर परिषदेत नगराध्यक्ष आणि प्रभागाचे दोन सदस्य. अडचण खरी आहे. पण अडचण तांत्रिक असेल तर तंत्रज्ञांनी ती सोडवावी.

वाशिष्ठी

लालमातींनी उपस्थित केलेल्या संशयात तांत्रिक तथ्य कुठे आहे तेही सांगायला हवं, नाहीतर आपण नुसते समजूत काढणारे ठरू. कंट्रोल युनिटला पक्ष माहीत नसतो. त्याला फक्त एक नंबर, दोन नंबर बटण कळतं. कोणत्या मतदारसंघात कोण कितव्या क्रमांकावर येणार ते अर्ज माघारीनंतर नावांच्या क्रमाने ठरतं. यंत्र कारखान्यात बनलं तेव्हा हे कोणाला ठाऊक असणं शक्य नाही. व्हीव्हीपॅट आल्यावर मात्र त्यात नावं आणि चिन्हं मतदानाच्या थोडे दिवस आधी भरावी लागतात. म्हणून ती भरणारी युनिटं सीलबंद ठेवायचा आदेश महत्त्वाचा. आणि म्हणूनच चिठ्ठ्या मोजण्याला पर्याय नाही. चिठ्ठी मतदाराने डोळ्यांनी पाहिलेली असते, यंत्राच्या पोटात काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

व्हीव्हीपॅटच सगळ्यात नाजूक भाग आहे, हेही खरं. मे २०१८ च्या भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकीत यंत्रं बिघडून ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं, उन्हाचं कारण दिलं गेलं. आपल्या दमट हवेत थर्मल कागदाची काळजी जास्तच घ्यायला हवी.

कुळागर

सगळे मोजणीच्या खरेखोटेपणावर बोलताय. आमचा त्रास मोजणी बरोबर होते म्हणूनच आहे.

आमचं केंद्र तीन वाड्यांचं, मतदार साडेतीनशेच्या आत. निकाल केंद्रावार जाहीर होतो. कोणत्या केंद्रावर कोणाला किती, हे दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर असतं. मागच्या खेपेला आमच्या केंद्रावर जिंकलेल्या माणसाला फारच कमी मतं पडली. त्यानंतर आमच्या वाडीचा साकव, म्हणजे वहाळावरचा छोटा पूल, दुरुस्तीच्या यादीतून गेला तो गेलाच. पावसात शाळेची पोरं वहाळाला पाणी असलं की दोन मैलांचा वळसा घालून जातात. लेखी कारण निधी नाही. तोंडी कारण सगळ्यांना माहीत आहे. "तुमच्या वाडीने कुठे आम्हाला मत दिलं?" हे तोंडावर ऐकवलं गेलंय.

मास्तर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला यंत्राचं उत्तर 'हो' नाही. एकट्या माणसाचं मत लपतं, वाडीचं लपत नाही.

लालमाती

कुळागर, हेच. मतपत्रिकेच्या काळात मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळायची तरतूद होती. वाडीचा हिशोब कोणाला लागायचा नाही.

काळा कोट

बरोबर, निवडणूक नियमांत ती तरतूद होती, आयोगाला आवश्यक वाटेल तिथे मिसळायची. आणि यंत्रावरही उपाय आहे, फार कमी लोकांना माहीत असतो. त्याला टोटलायझर म्हणतात. चौदा कंट्रोल युनिटं एकत्र जोडून फक्त त्यांची बेरीज दाखवायची, एकेका केंद्राचा आकडा बाहेर येऊ द्यायचा नाही. निवडणूक आयोगाने २००८ मध्येच हा प्रस्ताव दिला होता. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात शिफारस केली. केंद्र सरकारने मात्र विरोध केला. केंद्रावार आकडे कळले तर कुठे लक्ष द्यायचं ते पक्षांना समजतं, असा युक्तिवाद होता. कुळागरांच्या वाडीकडे कसलं लक्ष दिलं गेलं ते आपण वाचलंच.

एक गुंता मात्र आहे. १७ सी ची प्रत एजंटाला मिळते ती केंद्रावार एकूण मतांची. ती तशीच राहू शकते. पण चिठ्ठ्यांची पडताळणी केंद्र निवडून करायची आणि उमेदवारवार आकडा लपवायचा, या दोन्हींची सांगड घालावी लागेल. निवडलेल्या चौदा केंद्रांच्या चिठ्ठ्या एकत्र मिसळून मोजल्या तर जमेल असं मला वाटतं.

सुरंगी

टोटलायझर हा शब्द आजच ऐकला. हे आधी का कोणी सांगत नाही? टीव्हीवर यंत्र हॅक झालं की नाही यावर रात्ररात्र भांडतात.

जैतापूरकर

कुळागर, तुमचं लिहिणं मनाला लागलं. केंद्राध्यक्ष म्हणून आमची नजर केंद्रावरच्या गुप्ततेवर असायची, कक्षाचा पुठ्ठा नीट आहे ना, खिडकीतून कोणी बघत नाही ना. मोजणीनंतर वाडी उघडी पडते, हा विचार आमच्या प्रशिक्षणात कधी आला नाही. टोटलायझरची मागणी व्हीव्हीपॅटच्या बरोबरीने झाली पाहिजे, आणि कोकणात ती सगळ्यात आधी, कारण आपल्या केंद्रांइतकी लहान केंद्रं सगळीकडे नसतात.

लालमाती, तुमच्याशी माझं अंतर तुम्हाला वाटतं तेवढं नाही. मला पण कागदच हवा आहे. फक्त तो यंत्राबरोबर हवा. मतपेटीच्या मोजणीला मी रात्र रात्र बसलोय. शिक्का दोन चिन्हांच्या मधोमध पडलेला, शाई घडीवर उमटून दोन ठिकाणी दिसणारी, काहींनी तर सहीच केलेली. त्या प्रत्येक मतपत्रिकेवर दोन्ही बाजूंचे लोक हमरीतुमरीवर यायचे आणि निर्णय टेबलावरचा अधिकारी देणार. बाद झालेल्या मतांत जास्त मतं कोणाची असायची? शिक्का धरायची सवय नसलेल्या गरीब माणसाची. यंत्राने ते मत वाचवलं. ते मी सोडायला तयार नाही.

आता दर्यावर्दी. चाकरमान्यांसाठी आयोगाने २९ डिसेंबर २०२२ ला रिमोट मतदान यंत्राची घोषणा केली होती. एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं यंत्र, इंटरनेटशिवाय. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला बोलावलं, बहुतेक विरोधी पक्षांनी हरकत घेतली आणि विषय तिथेच राहिला. मोबाइलपेक्षा ते शंभरपट बरं, कारण कक्ष आहे, अधिकारी आहे. पण परळच्या किंवा नालासोपाऱ्याच्या केंद्रावर राजापूरच्या अपक्ष उमेदवाराने एजंट कुठून बसवायचा? मोठ्या पक्षांना जमेल, लहान माणूस पहिल्याच प्रश्नावर अडतो. आणि एक मला स्पष्ट बोलू द्या. जो चाकरमानी वर्षभर मुंबईत राहतो, तिथे पाणीपट्टी भरतो, त्याने नाव तिथे नोंदवावं. गावच्या ग्रामपंचायतीत कोण बसणार ते गावात राहणाऱ्याने ठरवावं. बैठकीत हे बोललो तेव्हा बरेच जण रागावले. इथेही रागावतील, चालेल.

दर्यावर्दी

मास्तर, चाकरमान्याला तुम्ही मुंबईत नाव नोंदवायला सांगितलंत. मी कुठे नोंदवू? माझं घर गुहागरातच आहे, बायको-मुलं तिथेच, घरपट्टी तिथेच. जहाजाला मतदारसंघ नसतो.

सुरंगीताईंचं वाचून मोबाइलचा हट्ट मी सोडला. पण मग सैन्यासाठी जी सोय आहे ती आम्हाला का नको? मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक येईल, मत कागदावर नोंदवू, कागद परत जाईल. २०२० मध्ये आयोगाने अनिवासी भारतीयांसाठी ही पद्धत वाढवायची तयारी केंद्राला कळवली होती. जहाजावर तर कप्तान आहे, नोंदवही आहे, प्रिंटर आहे. कागदाचा पुरावा राहतो, म्हणजे तुमचा पहिला प्रश्न सुटतो. केबिनचं दार लावता येतं, म्हणजे दुसराही.

काळा कोट

टपालाला लागणारा वेळ ही मोठी अडचण ठरेल. जहाज पुढच्या बंदराला लागेपर्यंत मोजणी होऊन गेलेली असू शकते. मतपत्रिका माघारीनंतरच तयार होते, मधे जेमतेम दोन-तीन आठवडे. बंदरातल्या भारतीय वकिलातीत पाकीट जमा करायची परवानगी मिळाली तर मार्ग निघेल. त्यासाठी निवडणूक नियमांत दुरुस्ती लागेल, आणि ती संसदेत नवा कायदा न करताही अधिसूचनेने होऊ शकते. खलाशांच्या संघटनांनी ही मागणी लेखी करावी. मसुदा करून द्यायला मी तयार आहे, फी नको.

दर्यावर्दी

साहेब, मसुदा कराच. मी पंधरवड्याने कोचीला उतरतोय. तोपर्यंत आमच्या तालुक्यातल्या जहाजावरच्या लोकांच्या सह्या व्हॉट्सॲपवर नको, कागदावर गोळा करायला भावाला सांगतो.

कुळागर

टोटलायझरचाही एक अर्ज त्यासोबत करता येईल का? आमच्या तिन्ही वाड्या सही देतील. नावं मात्र वाडीवार लावू नका.